एचपीएमसीच्या द्रावणात दर वेळी गुठळ्या होतात, व्हिस्कॉसिटी भरत नाही: नेमकं कुठे चुकतं?

एचपीएमसी, म्हणजे हायड्रॉक्सीप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज, ही द्रावण दाट करायला वापरतात ती सेल्युलोजपासून बनवलेली पावडर. तिच्याबद्दलच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. पावडर पाण्यात टाकली की पृष्ठभागावर तरंगते आणि मग तिच्या काचेसारख्या गोळ्या बनतात. तासभर स्टरर फिरवूनही त्या विरत नाहीत. गाळून घ्यावं तर व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, लेबलवरच्या आकड्याच्या निम्मी भरते. कधी द्रावण पांढुरकं राहतं, तर कधी आज नितळ दिसणारं आठवड्याने पाण्यासारखं पातळ होतं. मग पुरवठादाराला फोन जातो, लॉट बदलला जातो, आणि पुढच्या बॅचला पुन्हा तेच. बहुतेक वेळा लॉट चांगलाच असतो. पावडर ओली करणं आणि पावडर विरघळवणं ही दोन कामं एकाच वेळी उरकायला गेलं की हा घोटाळा होतो.

पिठल्याचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे, पण उलट्या बाजूने. उकळत्या पाण्यात बेसन टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून आपण ते आधी गार पाण्यात कालवून घेतो. एचपीएमसी आणि मिथाइल सेल्युलोज यांचं नेमकं उलट आहे. गार पाण्यात टाकलं की गुठळी, कडक गरम पाण्यात टाकलं की कण मोकळे. हे कशामुळे होतं ते समजलं की निम्मे प्रश्न सुटतात.

पाणी आत काय करतं

सुती कापड कितीही दिवस भिजत घातलं तरी विरघळत नाही. सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे पाण्याशी जमायला हरकत नसावी. पण या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट आणि शिस्तीत बिलगलेल्या असतात की पाण्याला मध्ये शिरायला जागाच नसते. काही हायड्रॉक्सिलच्या जागी मिथॉक्सी आणि हायड्रॉक्सीप्रोपाइल गट बसवले की ही शिस्त मोडते, साखळ्यांमध्ये फटी पडतात आणि पाणी आत जातं. गंमत अशी, की मिथॉक्सी गट स्वतः पाण्याला फारसा धार्जिणा नाही. तो साखळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवतो, आणि तेवढ्याने पाण्याचं काम होतं.

गार पाण्यात या मिथॉक्सी गटांभोवती पाण्याच्या रेणूंचं एक नीट रचलेलं कोंदण तयार होतं. तापमान वाढलं की ते सुटतं, उघडे पडलेले मिथॉक्सी गट एकमेकांना धरतात आणि द्रावण आधी ढगाळ होतं, मग जेलसारखं थिजतं. मिथाइल सेल्युलोजच्या जेलमध्ये साखळ्या साधारण १५ नॅनोमीटर जाडीच्या तंतूंमध्ये गोळा झालेल्या दिसतात. गार केलं की सगळं पूर्ववत होतं, पण ज्या तापमानाला थिजलं त्याच तापमानाला मोकळं होत नाही. त्याच्या बरंच खाली यावं लागतं.

आता गुठळीकडे पाहू. गार पाण्यात पावडरीचा ढीग पडला की बाहेरचे कण क्षणात फुगतात आणि एकमेकांना चिकटून जेलची साल तयार करतात. आतली पावडर कोरडीच राहते. अशी गुठळी ब्लेडने कापून पाहा: बाहेर पारदर्शक, मग एक पांढुरका थर आणि मधोमध कोरडी भुकटी. त्या सालीतून पाणी मुंगीच्या पावलांनी आत जातं. स्टररचा वेग वाढवून ही साल फुटत नाही, गुठळी फक्त गोल गोल फिरत राहते. गरम पाण्यात मात्र कण फुगतच नाहीत, वाळूसारखे सुटे राहतात आणि चारही बाजूंनी ओले होतात. मग गार करायला घेतलं की सगळे एकदमच विरघळायला लागतात.

आधी ग्रेड वाचा

हायप्रोमेलोजच्या (हे एचपीएमसीचंच औषधकोशातलं नाव) डब्यावर २९१०, २९०६ किंवा २२०८ असा आकडा असतो. पहिले दोन अंक मिथॉक्सीचं सरासरी शेकडा प्रमाण सांगतात, पुढचे दोन हायड्रॉक्सीप्रॉपॉक्सीचं. हा आकडा वाचल्याशिवाय कृती ठरवू नका, कारण दोन टक्के द्रावण थिजण्याचं तापमान त्यावरच ठरतं. साध्या मिथाइल सेल्युलोजला ते ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, २९१० ला साधारण ५८ ते ६४, २९०६ ला ६२ ते ६८ आणि २२०८ ला ७० ते ९०. म्हणून २९१० साठी ८० अंशांचं पाणी पुरतं, पण २२०८ साठी ९० च्या आसपासच लागतं. ७० अंशांच्या पाण्यात २२०८ टाकाल तर गरम पाणी वापरूनही गुठळ्या होतील, आणि मग 'गरम पाण्याची पद्धत चालत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

विरघळायला किती गार लागतं हेही ग्रेडप्रमाणे बदलतं. २२०८ ला ३० अंशांच्या खाली पुरतं, २९१० ला २५ च्या खाली जावं लागतं, आणि मिथाइल सेल्युलोजला तर ० ते १० अंशांवर वीस-चाळीस मिनिटं ठेवल्याशिवाय खरी व्हिस्कॉसिटी येतच नाही.

एक किलो द्रावण, दोन टक्के, ४००० सेंटिपॉइजची ग्रेड

(सेंटिपॉइज हे व्हिस्कॉसिटीचं एकक.) पावडर कोरड्या वजनावर २० ग्रॅम हवी. एचपीएमसी हवेतला ओलावा ओढते. औषधकोशातली मर्यादा पाच टक्क्यांपर्यंत आहे. १०५ अंशांवर वाळवून ओलावा चार टक्के आला, तर २० भागिले ०.९६, म्हणजे २०.८ ग्रॅम घ्या.

दोन लिटरचं बीकर रिकामं तोलून वजन लिहून ठेवा. ३३० ग्रॅम पाणी ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा. स्टरर ४०० आरपीएमच्या आसपास ठेवा. भोवरा दिसला पाहिजे, पण तो पात्याला टेकता कामा नये, नाहीतर हवा ओढली जाते. पावडर चाळणीतून दोन-तीन मिनिटांत भुरभुरत सोडा. वर झाकण ठेवून दहा ते वीस मिनिटं ढवळा, मधून मधून कडेला चिकटलेली पावडर खरवडून आत घ्या. या वेळी बीकरमध्ये ताकासारखं पांढरं, पातळ पाणी दिसलं पाहिजे. आत्ताच दाट व्हायला लागलं असेल तर पाणी पुरेसं गरम नव्हतं.

आता गार करण्याची पायरी. सर्वात जास्त बॅचेस इथे बिघडतात. कृतीत 'उरलेलं थंड पाणी घाला' एवढंच लिहिलेलं असतं. थोडा हिशेब करू. ३३० ग्रॅम पाणी ८५ अंशांवर आहे. त्यात ६५० ग्रॅम पाणी ५ अंशांचं घातलं, तर मिश्रण ३२ अंशांवर येतं, म्हणजे फ्रिजमधलं पाणी घालूनही २९१० साठी पुरेसं गार होत नाही. तेच पाणी नळाचं, ३२ अंशांचं असेल तर मिश्रण जवळजवळ ५० अंशांवर थांबतं. त्या तापमानाला पावडर फक्त तरंगत राहते. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तिथे 'थंड पाणी' या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही. जानेवारीत जमणारी कृती मे महिन्यात का बिघडते, याचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

म्हणून उरलेल्या ६५० ग्रॅमपैकी २५० ग्रॅम बर्फ घ्या आणि ४०० ग्रॅम पाणी १० अंशांचं. बर्फ वितळताना ग्रॅममागे ८० कॅलरी ओढतो, त्यामुळे मिश्रण थेट १२ अंशांच्या आसपास येतं. बर्फ मात्र त्याच शुद्ध पाण्याचा हवा, बाजारातल्या लादीचा नको. मोठ्या टाकीत बर्फ घालता येत नसेल तर टाकीभोवतीच्या पोकळ आवरणातून, म्हणजे जॅकेटमधून, थंड पाणी फिरवा आणि द्रावणात थर्मामीटर बुडवून पाहा. जॅकेटचा आकडा पाहून द्रावण गार झालं असं समजू नका. गार करताना ढवळणं थांबवायचं नाही. थांबवलं तर कण तळाशी बसतात आणि तिथेच एकत्र फुगून तळाला चामड्यासारखा थर धरतात.

बर्फाच्या टबात वीस ते चाळीस मिनिटं ढवळल्यावर बीकर पुसून तोला आणि थंड पाण्याने एकूण वजन एक किलोपर्यंत भरा. ही वजन भरण्याची पायरी सर्रास गाळली जाते. मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बुडबुडे वर येतात आणि उरलेसुरले कण विरघळतात.

व्हिस्कॉसिटी भरत नाही

व्हिस्कॉसिटी आणि प्रमाण यांचं नातं सरळ रेषेचं नाही. ढोबळ नियम असा: व्हिस्कॉसिटीचं आठवं मूळ प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढतं. ४००० सेंटिपॉइजच्या ग्रेडला तो लावून पाहा. दोन टक्क्यांऐवजी पावडर प्रत्यक्षात १.९ टक्के पडली तर आकडा ३०७५ च्या आसपास येतो. १.८ टक्के पडली तर २३५०. एक टक्क्याचं द्रावण तर १८० च्याही खाली. उलट, वाफ उडून प्रमाण २.१ झालं तर ५१५०. म्हणजे पाच टक्के ओलाव्याची दुरुस्ती विसरली एवढ्यानेच व्हिस्कॉसिटी पावभर कमी झाली. लॉटला दोष देण्याआधी तराजू आणि ओलाव्याची नोंद तपासा.

दुसरं, लेबलवरचा आकडा २० अंशांवरचा असतो. प्रयोगशाळेतल्या ३० अंशांवर मोजलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहणं चूक आहे. नमुना पाण्याच्या बाथमध्ये ठेवून आतलं तापमान २० ला टेकल्यावरच मोजा. तिसरं, हे द्रावण जितकं जोरात ढवळाल तितकं पातळ वागतं. मोजणाऱ्या यंत्राचा स्पिंडल (द्रावणात फिरणारी दांडी) आणि आरपीएम बदलला की आकडाही बदलतो, त्यामुळे पुरवठादाराच्या प्रमाणपत्रातली मोजण्याची पद्धत मागवून घ्या. आणि ६०० सेंटिपॉइजच्या वरच्या ग्रेडला औषधकोशच लेबलच्या ७५ ते १४० टक्के इतकी मोकळीक देतो. ४००० चा डबा ३००० भरला म्हणून तो नापास होत नाही. ज्यांच्या उत्पादनाला नेमका दाटपणा लागतो त्यांनी प्रत्येक लॉटला छोटी चाचणी करून प्रमाण थोडं वर-खाली करायचं असतं.

गुठळ्या झाल्याच आहेत, आता काय?

गाळून पुढे जाऊ नका. गाळणीत पॉलिमर अडकतो आणि किती गेला ते कळत नाही. त्याऐवजी झाकण ठेवून सगळं द्रावण ढवळत ८५-९० अंशांवर न्या. गुठळीची साल पाणी सोडते, आकसते आणि ढवळताना फुटते. अर्ध्या तासाने पुन्हा बर्फावर गार करा, वजन भरा, रात्रभर ठेवा. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये थेंब दाबून काळ्या कापडासमोर ट्यूबलाइटच्या उजेडात धरा. न विरघळलेला कण असेल तर भिंगासारखा चमकतो. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) वापरू नका, त्याने साखळ्या तुटतात आणि व्हिस्कॉसिटी कायमची जाते.

कृतीत उष्णता चालत नसेल तर दोन वाटा आहेत. एक, पावडर तिच्या पाच ते आठ पट ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये कालवून घ्या आणि तो पातळ लगदा ढवळत्या गार पाण्यात ओता. दोन, कृतीत साखर किंवा दुसरी विरघळणारी पावडर असेल तर सात-आठ पट प्रमाणात कोरडी मिसळून टाका. तत्त्व तेच: कण एकमेकांपासून दूर असले पाहिजेत.

उशिरा विरघळणाऱ्या, ग्लायऑक्झल लावलेल्या ग्रेड रंग आणि बांधकामाच्या मालात चालतात, औषधात आणि खाद्यपदार्थात नाही. त्या साध्या पाण्यात मोकळ्या पसरतात, आणि पीएच ८.५ ते ९ वर नेला की विरघळतात. पाणी आधीच अल्कधर्मी असेल तर हा उशीर मिळत नाही. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर या ग्रेडच्याही गुठळ्या होतात. पावडर टाकण्याआधी पाण्याचा पीएच पाहा, अल्कली नंतर घाला.

द्रावण ढगाळ होतं किंवा साका धरतं

पाण्यासाठी भांडणारा तिसरा कोणी द्रावणात आला की थिजण्याचं तापमान खाली येतं. सल्फेट, फॉस्फेट आणि कार्बोनेट यांत सगळ्यात पुढे असतात. साधं मीठ, साखर, सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीनही ते खाली आणतात. अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ते वर नेतात. म्हणून क्षार नेहमी पॉलिमर पूर्ण विरघळल्यावर, वेगळ्या पाण्यात विरघळवून, हळूहळू घाला. आधी क्षार आणि मग पावडर असा क्रम ठेवला तर पावडर नीट फुगतच नाही.

तयार मालाची एक चाचणी अवश्य करा. परीक्षानळीत १० मिलिलिटर घ्या, थर्मामीटर बुडवा, पाण्याच्या बाथमध्ये मिनिटाला एक अंश या गतीने तापवा आणि नळीमागे धरलेली छापील अक्षरं पुसट व्हायला लागतील ते तापमान लिहा. ते ५० च्या खाली आलं तर उन्हात उभ्या राहिलेल्या बंद टेम्पोत माल ढगाळणार. गार झाल्यावर तो बहुधा नितळ होतो, पण त्यात तरंगणारं औषध किंवा रंग असेल तर तोवर ते तळाशी बसलेलं असतं.

परिरक्षकांकडेही लक्ष ठेवा. मिथाइल सेल्युलोजचं फिनॉल, क्लोरोक्रेसॉल, टॅनिक ॲसिड आणि पॅराबेन यांच्याशी जमत नाही. पॅराबेन पॉलिमरला धरून बसतात, आणि मग जंतू मारायला मोकळे कमी उरतात.

आठवड्याने पातळ होतं

पीएच ३ ते ११ मध्ये एचपीएमसी टिकून राहते. त्याबाहेर, विशेषतः आम्ल बाजूला, साखळ्या तुटतात. पीएच ठीक असूनही पातळ होत असेल तर तीन बाटल्या भरा: परिरक्षक घालून बाहेर, परिरक्षकाशिवाय बाहेर, परिरक्षकाशिवाय फ्रिजमध्ये. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पीएच आणि व्हिस्कॉसिटी लिहा. फक्त दुसरी बाटली पडली, वास आला, पीएच उतरला, तर जंतू आहेत. दोन्ही बाहेरच्या बाटल्या पडल्या आणि पीएच तसाच राहिला, तर सेल्युलेज (सेल्युलोजच्या साखळ्या तोडणारं विकर) किंवा पेरॉक्साइड-क्लोरीनसारखा ऑक्सिडीकारक संशयित. जंतू मेले तरी त्यांनी सोडलेलं विकर काम करत राहतं, म्हणून नासलेल्या बॅचमध्ये नंतर परिरक्षक घालून ती वाचत नाही. टाकी, पाइप आणि विशेषतः व्हॉल्व्हच्या खाचा धुऊन घ्या. हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज आणि सीएमसी (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज) या बाबतीत एचपीएमसीपेक्षा बऱ्याच नाजूक आहेत.

डबा सीएमसीचा तर नाही ना?

ही गफलत वाटते त्यापेक्षा जास्त होते, कारण दोन्ही पांढऱ्या पावडरी आणि दोघींनाही 'सेल्युलोज' म्हणतात. सीएमसी गरम पाण्यातही विरघळते, त्यामुळे वरची गरम पाण्याची युक्ती तिला लावली तर गुठळ्या आणखी वाढतात. तिच्यासाठी गार पाण्याचा भोवरा आणि हळूहळू भुरभुरणं, किंवा ग्लिसरीनमध्ये कालवणं. तिच्या साखळीवर ऋण भार असतो. ते भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून साखळी ताणलेली राहते आणि द्रावण दाट होतं. मीठ पडलं की भार झाकले जातात आणि व्हिस्कॉसिटी उतरते. कठीण पाण्यातला कॅल्शियम तिला धुरकट करतो, ॲल्युमिनियम आणि फेरिक लोह तर साका धरायला लावतात. पीएच ३ च्या खाली ती बाहेर पडायला लागते, आणि बेंझाल्कोनियम क्लोराइडसारख्या धनभारित परिरक्षकाबरोबर तर ठेवूच नये.

लेबल नसलेला डबा ओळखायचा असेल तर एक टक्क्याचं द्रावण परीक्षानळीत ९० अंशांपर्यंत तापवा. ढगाळलं आणि गार झाल्यावर नितळ झालं तर एचपीएमसी किंवा मिथाइल सेल्युलोज. नितळच राहिलं तर दुसऱ्या नळीत कॉपर सल्फेटचे काही थेंब टाका. निळसर कापसासारखा साका आला तर सीएमसी, नाही आला तर बहुधा हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज.